ऑर्केस्ट्रासाठी जुनी जपानी गिटार: फेंडर जपान स्ट्रॅट की यामाहा एसजी २०००?

बेळगावात ऑर्केस्ट्रात वाजवता, आणि एकाच भावात जेव्ही सीरियलची (सीरियल नंबर 'जेव्ही'ने सुरू होणारी) फेंडर जपान स्ट्रॅट ('६२ मॉडेल) आणि १९८० ची यामाहा एसजी २००० मिळतेय, असं तुमचं म्हणणं.

मी यामाहा घेईन, आणि ते आवाजापेक्षा विजेसाठी. गणपतीत मंडपाची लाईन, शेजारी दिव्यांचा डिमर, मागे जनरेटर. अशा ठिकाणी स्ट्रॅटचे सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, एकाच गुंडाळीचे) नुसते गुणगुणतात. गाणं थांबलं की गुंऽऽ ऐकू येतं. यामाहाचे हम्बकर (दोन गुंडाळ्यांचे पिकअप) ते बरंच मारतात. (अर्थिंग नसेल तर मात्र दोन्हींच्या तारांना करंट येऊ शकतो, आधी तपासून घ्या.)

नेक (गिटारची मान) नीट बघा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून मधली फट पाहायची, नेकचा वाक कळतो. खानापूरकडचा पावसाळा काढलेली गिटार असेल तर हे हवंच. यामाहाचा ट्रस रॉड (नेकचा वाक जुळवणारा आतला गज) हेडस्टॉकवरच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकावरच्या, झाकणाखाली असतो, मालकासमोर फिरवून पाहता येतो. '६२ स्ट्रॅटचा नेकच्या बुडाशी, बॉडीकडे, म्हणजे नेकचे स्क्रू ढिले करण्याची कटकट. पण स्ट्रॅटच्या नेकखाली पट्टी घालून कोन बदलता येतो. यामाहाचा नेक बॉडीतून आरपार, तो वाकडा निघाला की खर्च मोठा.

यामाहा जड आहे, पट्टा रुंद घ्या. पुढे विकायचीच असेल तर स्ट्रॅट बरी: जेव्ही म्हणजे १९८२ ते ८४ ची, फेंडर जपानची पहिली मालिका, गिऱ्हाईक पटकन मिळतं.