मोठ्याने वाचायचा शेक्सपिअर

प्रिय विद्यार्थिमित्रास,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. शेक्सपिअरची सगळी नाटके कालक्रमाने, शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढायची, हा तुझा बेत वाचला. या एका माणसाने इंग्रजीला १७०० नवे शब्द दिले, हे कळल्यावर तुला वाटलेले आश्चर्यही समजले. तुझा उत्साह कमी करण्याची इच्छा नाही. मात्र कालक्रम, शब्दकोश आणि तो आकडा या तिन्ही गोष्टी सध्या बाजूला ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

आधी आकड्याचे पाहू. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात शेक्सपिअरची हजारो अवतरणे घेतली. पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश तयार होत असतानाही त्याच्या नाटकांतली ओळ न् ओळ चाळली गेली, आणि त्याच्या समकालीन लेखकांच्या वाट्याला तेवढे बारकाईचे वाचन आले नाही. साहजिकच अनेक शब्दांच्या पहिल्या वापराची नोंद त्याच्या नावावर जमा झाली. आता त्या काळची छापील पुस्तके संगणकावर शोधता येतात, आणि त्यांतले बरेच शब्द त्याच्या आधीही लोक वापरत होते असे दिसू लागले आहे. याने शेक्सपिअरचे काहीही बिघडत नाही. शब्द कोणी घडवला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी, कोणत्या क्षणी आणि कशाच्या शेजारी ठेवला, हे पाहण्यात तुझा वेळ अधिक सार्थकी लागेल.

हा माणूस स्वतः नट होता आणि नाटक मंडळीचा भागीदारही होता. १५९९ मध्ये उभारलेल्या ग्लोब नाट्यगृहात त्याचाही वाटा होता, आणि कोणती भूमिका कोण करणार हे बहुतेक वेळा ठाऊक असूनच तो लिहीत असे. त्या काळी नटाच्या हाती संपूर्ण नाटक पडत नसे. त्याला फक्त स्वतःची भाषणे आणि प्रत्येक भाषणाआधीचे समोरच्याचे दोन-चार शब्द, एवढेच उतरवून मिळत. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत ज्याला नक्कल म्हणत, तोच हा प्रकार. रंगसूचना अगदी तुटपुंज्या आणि तालमीही थोड्या. त्यामुळे कुठे थांबायचे, कुठे घाई करायची, कुठे आवाज खचू द्यायचा, हे सगळे वाक्याच्या घडणीतच भरून ठेवावे लागे. म्हणूनच मी तुला ही नाटके मोठ्याने वाचायला सांगतो. मनातल्या मनात वाचलेल्या शेक्सपिअरमधून अर्थ मिळतो, पण हे दिग्दर्शन हाती लागत नाही.

त्याची बरीचशी नाटके निर्यमक पद्यात आहेत. ओळीत साधारण दहा अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, असतात आणि त्यांवर एकाआड एक आघात पडतो. आपली अक्षरगणवृत्ते लघु-गुरूंवर चालतात, इंग्रजी छंद आघातावर चालतो. हा फरक कानाला कळला की पुरे, त्याचे व्याकरण नंतर बघता येईल. हा छंद काही त्याने शोधलेला नव्हे. त्याचा समकालीन नाटककार मार्लो याने तो आधीच रंगभूमीवर दणदणीत वाजवून दाखवला होता. शेक्सपिअरने तो मोडायला, वाकवायला आणि दोन पात्रांत वाटून द्यायला शिकवले.

सुरुवात 'मॅक्बेथ'पासून कर. त्याच्या शोकांतिकांत ही सर्वांत लहान आहे, आणि मला विचारशील तर सर्वांत घट्ट विणीचीही. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश काढ. राजाचा खून करून मॅक्बेथ बाहेर येतो. बायको विचारते, तुम्ही काही बोललात का? तो म्हणतो, कधी? ती म्हणते, आत्ता. तो विचारतो, मी खाली उतरताना? हे चार तुकडे मिळून पद्याची जेमतेम एक ओळ भरते. एकाच ओळीत दोघे एकमेकांच्या पायात पाय घालून अडखळतात, आणि त्यांचा धीर सुटला आहे हे कोणालाही सांगावे लागत नाही. दोन नटांना इथे श्वास घ्यायलाही जागा ठेवलेली नाही.

त्याच प्रवेशात थोड्या वेळाने मॅक्बेथ आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहतो. सगळा समुद्र तरी हे रक्त धुऊन काढील का, असे स्वतःलाच विचारतो आणि म्हणतो की उलट माझा हातच साऱ्या सागरांना लाल करून टाकील. इथली ओळ मुळातूनच ऐकायला हवी : 'द मल्टिट्यूडिनस सीज इनकार्नडाइन, मेकिंग द ग्रीन वन रेड.' पहिल्या भागात लॅटिन वळणाचे दोन लांबलचक शब्द लाटांसारखे उसळतात, आणि लगेच दुसऱ्या भागात घरगुती इंग्रजीतले आखूड शब्द एकामागून एक आदळतात. पहिला भाग कळला नाही, तरी एक पेनी देऊन अंगणात उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला दुसरा भाग नक्की कळला असणार. पण मला यात नुसती प्रेक्षकांची सोय दिसत नाही. मॅक्बेथ मोठ्या शब्दांच्या आड लपू पाहतो आणि दुसऱ्याच क्षणी हातावरच्या साध्या लाल रंगाशी येऊन ठेपतो. मोठ्याने म्हणून पाहा, हे तुझ्या जिभेलाच जाणवेल.

हेच पुढच्या पिढ्यांना खटकले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजेशाही परतल्यानंतरच्या काळात नाटककार विल्यम डॅव्हनंटने 'मॅक्बेथ' नव्याने लिहून काढले आणि ही ओळ अशी सपाट केली की समुद्राला थोडी छटा चढून हिरव्याचे लाल व्हावे, एवढाच मजकूर उरला. अर्थ जवळपास तोच, पण वादळाचा पत्ता नाही. रंगभूमीवर कित्येक दशके हेच रूप चालत होते. १७४४ मध्ये नट डेव्हिड गॅरिकने बऱ्याच अंशी मूळ संहिता परत आणली. खुद्द जॉन्सनला याच नाटकात खुनासाठी सुरी आणि अंधारासाठी कांबळे हे शब्द आलेले पाहून हसू आवरेना. सुरी हे खाटकाचे आणि आचाऱ्याचे हत्यार, ते अशा गंभीर भाषणात कसे शोभेल, असा त्याचा आक्षेप होता. एवढा मोठा समीक्षक, पण इथे त्याचा कान चुकला, असे मी निःशंकपणे म्हणतो. ते भयंकर कृत्य स्वयंपाकघरातल्या वस्तूपर्यंत खाली येते, म्हणून तर अंगावर काटा येतो.

आता थेट पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशाकडे ये. खुनाच्या रात्री, थोड्याशा पाण्याने सगळे धुऊन निघेल, असे नवऱ्याला बजावणारी लेडी मॅक्बेथ इथे झोपेत चालते आणि हात चोळत राहते. अरबस्तानातली सगळी अत्तरे हा छोटासा हात सुगंधी करू शकणार नाहीत, असे ती म्हणते. 'थोडेसे पाणी' आणि 'छोटासा हात' या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच क्षुल्लक विशेषण आहे, आणि त्यांच्यामध्ये नाटकाचे दोनाहून अधिक अंक पसरलेले आहेत. शिवाय ती आता गद्यात बोलते. आजवर तोललेल्या पद्यात बोलणाऱ्या राणीचा छंदच सुटला आहे.

हे नाटक आपल्यापर्यंत पोचले, ते शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या दोन सहकारी नटांनी ३६ नाटकांचा मोठा ग्रंथ छापून घेतला म्हणून. त्यांतली निम्मी नाटके त्याआधी छापलेलीच नव्हती. जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल ही त्या दोघांची नावे. ती लक्षात ठेव.

शेक्सपिअरचा पुढच्यांवर काय प्रभाव पडला, या तुझ्या प्रश्नाचे उत्तरही मी रंगभूमीवरच शोधतो. इटालियन संगीतकार व्हेर्दीने १८४७ मध्ये 'मॅक्बेथ'चा ऑपेरा केला. कुरोसावाने १९५७ मध्ये त्यावर जपानी चित्रपट काढला, तेव्हा शेक्सपिअरची एकही ओळ ठेवली नाही. तरीही दोन माणसांनी एका अपराधाने बांधले जाणे आणि त्यानेच दुरावत जाणे तसेच राहिले. मराठीत १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' आणला, १८८३ मध्ये आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, आणि गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटने त्या काळचा प्रेक्षक भारून गेला. देवलांचा 'झुंझारराव' ('ऑथेल्लो'वरून) आणि शिरवाडकरांचा 'राजमुकुट' ('मॅक्बेथ'वरून) तू वाचशीलच. पण खरा अभ्यास कर तो 'नटसम्राट'चा. तिथे भाषांतर नाही. 'किंग लिअर'मधल्या लिअर राजाचे घर, लिअरची मुले आणि लिअरची पल्लेदार वाणी एका निवृत्त मराठी नटाच्या अंगात शिरलेली आहे. राज्य वाटून देणाऱ्या राजाऐवजी मिळकत वाटून देणारा नट घेतल्यामुळे मोठ्या भाषेला मराठीत हक्काचे तोंड मिळाले. ही निवड मला फार मोलाची वाटते.

टिपांसाठी शेक्सपिअरच्या नाटकांची आर्डन ही सटीप आवृत्ती चांगली आहे, पण पहिल्या वाचनात टिपांकडे पाहू नकोस. अडलेला शब्द तसाच सोडून पुढे जा. इयन मकेलन आणि ज्युडी डेंच यांचा, ट्रेव्हर नन यांनी दिग्दर्शित केलेला 'मॅक्बेथ'चा प्रयोग चित्रित झालेला आहे. तो स्वतःच्या वाचनानंतरच पाहा. आधी पाहिलास तर त्यांचे आवाज तुझ्या कानातून हलणार नाहीत. खुनानंतरचा प्रवेश एखाद्या मित्राला समोर बसवून वाच, मग भूमिका अदलून पुन्हा वाच, आणि दोघांना वेगवेगळ्या जागी कुठे थांबावेसे वाटले ते मला लिहून कळव. 'किंग लिअर'विषयी त्यानंतर लिहीन.

तुझा हितचिंतक