मुंबईत चालवायची मजा हवी, तर ९८७ पिढीची जुनी पोर्शे बॉक्सटर स्पोर्ट्स कार घ्यावी की तिचीच नंतरची पिढी, ७१८?

मी तरी जुनीच घेईन. ९८७चं स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहाताला कळतो. सीटमागे सहा सिलिंडरचं बिनटर्बो इंजिन. आरपीएम चढतात तसा आवाजही चढत जातो. २०१६ला आलेली साधी ७१८ चार सिलिंडर आणि टर्बोवाली. वेगात ती सरस, वादच नाही, पण आवाज रुक्ष. शिवाय तो वेग वापरणार कुठे? कोस्टल रोडवरही सरळ पट्ट्यात मर्यादा ताशी ८० किमी. (जुलैत दोन्ही पार्किंगमध्येच, पावसात हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी मॉडेल बघत नाही.) मात्र १५ वर्षं उलटली असतील तर आरसीचं नूतनीकरण झालंय का ते बघा, आणि जाणत्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.