मालकाने गाडीच्या मागे किती फिरायचं?

प्रश्न: नमस्कार सर, आमची चिवडा-फरसाणची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, प्लांट सांगली जिल्ह्यात, सहा जिल्ह्यांत डिस्ट्रिब्युटर. बाबांनंतर मी आणि दादा डायरेक्टर. दादा दिवसभर मोबाईलवर सीसीटीव्ही आणि गाड्यांचं जीपीएस बघतो, ड्रायव्हर चहाला थांबला तरी फोन. मी म्हणते मॅनेजर नेमलेत ना, मग त्यांना काम करू द्या, आपण महिन्याचा रिपोर्ट बघू. मागे एका गावातून चिवडा खवट लागल्याची तक्रार आली, मॅनेजर "बघतो" म्हणाला, पुढे काय झालं माहीत नाही. नक्की किती लक्ष घालायचं?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे "बघतो". सीसीटीव्ही आणि जीपीएस असून ती तक्रार दादापर्यंत गेली नाही आणि महिन्याच्या रिपोर्टमध्येही ती येणार नाही, म्हणजे तुमच्या दोघांच्याही पद्धतीतून ती निसटली.

अमेरिकेत अगदी असंच एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. ॲक्मे मार्केट्स नावाची किराणा कंपनी, 874 दुकानं, 36,000 माणसं, जॉन पार्क तिचे प्रेसिडेंट. 1970 मध्ये तिथल्या अन्न-औषध खात्याने फिलाडेल्फियाच्या गोडाऊनमधल्या घाणीबद्दल त्यांना पत्र दिलं, 1971 ला बाल्टिमोरच्या गोडाऊनमध्ये उंदीर सापडले, पार्कना कळलं तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तिथले व्हाइस प्रेसिडेंट लक्ष घालतायत, आणि मार्च 1972 मध्ये पुन्हा तपासणी झाली तर सुधारणा होती पण उंदीरही होतेच. खटला खुद्द पार्कवर झाला, पाच आरोपांवर प्रत्येकी 50 डॉलर दंड, आणि 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. रक्कम किरकोळ आहे, पण कोर्टाचं म्हणणं मला मनापासून पटतं. मोठ्या साहेबाने स्वतः गोडाऊन झाडावं असं कोणी म्हटलं नाही, पण गडबड शोधायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा होऊ नये अशी व्यवस्था लावायची ही जबाबदारी त्याची, आणि एका ठिकाणी तीच व्यवस्था फसल्याचं आधी कळलेलं असताना दुसऱ्या ठिकाणी तिच्यावरच विसंबणं पुरेसं नाही.

आपल्याकडेही 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 66 मध्ये कंपनीने जबाबदार व्यक्ती नेमायची सोय आहे, पण गुन्हा डायरेक्टरच्या संमतीने किंवा दुर्लक्षामुळे झाला असं सिद्ध झालं तर तोही अडकतो.

आता काय करायचं. ड्रायव्हरचा चहा सोडून द्या, खरंच. त्याऐवजी एखाद्या दिवशी न सांगता मिरजेच्या स्टँडजवळच्या टपरीवरून तुमचंच पाकीट विकत घ्या, बॅच नंबर वाचा आणि ऑफिसला फोन करून विचारा की हा माल कधी तळला, तेल कुठल्या लॉटचं, कुठल्या गाडीने कुठल्या डिस्ट्रिब्युटरकडे गेला, बाकीच्या पेट्या आत्ता कुठे आहेत. उत्तर तासाभरात आलं तर ठीक, "शोधून सांगतो" आलं तर उद्या माल परत मागवायची वेळ आल्यावर काय होईल ते तुम्हाला कळलंच.

दुसरं म्हणजे विक्रीचा आकडा. तुमच्या रिपोर्टमध्ये बहुतेक प्रायमरी सेल असणार, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या नावाने फाटलेली बिलं. महिनाअखेरीला टार्गेटसाठी सेल्समन स्कीम लावून माल ढकलतो, कागदावर सेल छान दिसतो आणि पेट्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये एप्रिलच्या उन्हात पडून राहतात, तळलेला माल मग खवट नाही होणार तर काय. म्हणून डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात किती गेलं, त्याच्याकडे शिल्लक किती, त्यातला जुन्या तारखेचा किती, एवढं दर आठवड्याला मागा, आणि ज्याचा आकडा विचित्र वाटेल त्याच्या गोडाऊनला दादाला पाठवा, त्याला फिरायची हौस आहेच तर तिचा इथे उपयोग होईल.

आणि त्या गावच्या दुकानदाराला आजच फोन करा, मॅनेजरमार्फत नको, तुम्ही स्वतः. बॅच नंबर विचारा, त्या बॅचचा उरलेला माल उचला.