मास्टरिंगला पाठवण्याआधी रॉ फायली मागून घ्या

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागेना. नेरूळचे चौघे, पोस्ट-रॉक (म्हणजे रॉकचीच वाद्यं, पण लांब, हळूहळू चढत जाणाऱ्या रचना), बँडमध्ये गायक नाही, सहा रचना, पहिलाच अल्बम. स्टुडिओने रॉ फायली (प्रत्येक माइकचं वेगळं रेकॉर्डिंग) न देता फक्त मिक्स केलेल्या, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र केलेल्या, स्टिरिओ फायली दिल्यात आणि ‘ड्रम्स गिटारखाली दबलेत, मास्टरिंगमध्ये (मिक्सवरून फिरणाऱ्या शेवटच्या हातात) वर येतील का?’ असं तुम्ही विचारलंय. आठ वर्षांपूर्वी ठाण्यात आम्ही नेमके इथेच अडकलो होतो.

नाही येणार. स्टिरिओ फाइलमध्ये सगळं एकमेकांत मुरलेलं असतं. स्नेअर (ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम) उचलायला जावं तर त्याच फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यातली गिटारही सोबत वर येते. त्यात मिक्सवर लिमिटर (मोठा आवाज ठरावीक पातळीवर दाबून धरणारं साधन) दाबून लावला असेल, तर शांत भाग आणि स्फोट यांतलं अंतर आधीच गेलेलं असणार. पोस्ट-रॉकमध्ये बहुतेकदा शब्द नसतात. ऐकणाऱ्याला आठ मिनिटं धरून ठेवतं ते हेच अंतर.

आम्ही वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातल्या स्टुडिओत अकरा रात्री रेकॉर्डिंग केलं. रात्री, कारण दिवसा शेजारची यंत्रं चालू असली की गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचा कंप टिपणाऱ्या भागात) विजेची ५० हर्ट्झची घरघर शिरायची. मालक बोलायला गोड, सगळा व्यवहार तोंडी. अकरापैकी एकाही रात्री आम्ही हार्ड डिस्क सोबत नेली नाही. माझ्या मते आमची सगळ्यात मोठी चूक हीच.

मिक्स आला तो १६ बिटचा, चेपलेला. रॉ ट्रॅक मागितले तर आधी ‘पुढच्या आठवड्यात’, मग ‘कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलाय’, मग ‘त्याचे वेगळे पैसे पडतील’. वर्गणी काढून तेही भरले. फायली मिळाल्या, पण तीन रचनांचे ड्रम्स त्यात नव्हतेच. डिस्कवर दुसऱ्या कोणाचं तरी काम चढलं होतं. दोन रचना आम्ही दुसरीकडे पुन्हा वाजवल्या. तिसरी चौदा मिनिटांची, क्लिकशिवाय (कानात ठेका न ठेवता) वाजवलेली, आणि तोवर ड्रमर नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला. ती रचना अल्बममध्ये नाही. अजूनही सलतं.

म्हणून आजच लेखी मेसेज पाठवा, सौम्य भाषेत. प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक, २४ बिट वेव्ह, ज्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे जितके नमुने घेतलेत तितक्याला) रेकॉर्ड झालाय त्यालाच, इफेक्टशिवाय, सगळे ट्रॅक एकाच शून्य क्षणापासून सुरू होणारे. शिवाय लिमिटर काढलेला मिक्स. ‘फायली फार मोठ्या आहेत’ हे कारण ऐकून घेऊ नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतो. १६ ट्रॅक, ४५ मिनिटं धरली तर एका टेकचे (सगळ्या रचना एकदा वाजवल्याचे) सव्वासहा जीबी. चार-पाच टेक साध्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर सहज बसतात.

मी वकील नाही, तेव्हा हे तपासून घ्या: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. पैसे तुमचे, ठरवलं तुम्ही, तर मला वाटतं निर्माते तुम्हीच. पण एका कागदावर दोघांच्या सह्या असल्या की वादच उरत नाही. चालीचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. कागदावर दोन्ही लिहा.

जाता जाता: रचना एकमेकींत मिसळत असतील तर प्रत्येकीच्या शेवटी फेड देऊ नका, म्हणजे आवाज हळूहळू विरवू नका. सलग एकच लांब फाइल काढा आणि तुकडे मास्टरिंगमध्ये पाडून घ्या. आणि पुन्हा वाजवायची वेळ आलीच तर पावसाळ्यात प्रत्येक टेकआधी गिटार लावून घ्या. दमट हवेत नेक हलते, आणि दोन गिटारींचे लेयर चढवल्यावरच ते कानाला कळतं.

फायली हाती आल्या की उरलेले पैसे देण्याआधी एकेक ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून, शेवटपर्यंत ऐका. आमचे ड्रम्स नाहीत हे आम्हाला पैसे भरून महिना झाल्यावर कळलं. जमत नसेल तर कळवा. ठाण्याहून नेरूळला सरळ लोकल आहे, रविवारी हेडफोन घेऊन येतो.