मंदीत मुलांच्या इलेक्ट्रॉनिक शैक्षणिक खेळण्यांची विक्री खरोखर घटते का?

होय, घटते, ‘पालक मुलांच्या शिक्षणावरचा खर्च सर्वांत शेवटी कमी करतात’ हा समज अमेरिकेतील २००८-०९ च्या मंदीत तरी या खेळण्यांना वाचवू शकला नाही. या क्षेत्रातील ‘लीपफ्रॉग’ कंपनीच्या वार्षिक आकड्यांनुसार तिची निव्वळ विक्री २००८ मधील सुमारे ४६ कोटी डॉलरवरून २००९ मध्ये सुमारे ३८ कोटींवर, म्हणजे जवळजवळ १७ टक्क्यांनी, खाली आली. मात्र ही विक्री दुकानदारांना केलेली असते, थेट पालकांना नव्हे: २००८ च्या नाताळानंतर दुकानांत बराच माल शिल्लक राहिला आणि पुढील वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी नवी मागणी आखडती घेतली, त्यामुळे घरोघरची खरेदी याच प्रमाणात घसरली, असा निष्कर्ष काढता येणार नाही. २०१० मध्ये विक्री सुमारे ४३ कोटींपर्यंत सावरली. खरी झेप मात्र २०११ मध्ये आलेल्या ‘लीपपॅड’ या मुलांच्या टॅबलेटनंतर दिसते (आणि सुमारे १०० डॉलर किमतीचे हे खेळणे काही स्वस्त नव्हते), कारण २०१२ ची विक्री सुमारे ५८ कोटी डॉलर होती.