फिर्यादीत ‘पळून गेला’ असे लिहिले आहे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आमच्या घरची पिकअप चालवतो. मागच्या महिन्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून रात्री साडेदहाच्या सुमारास परतताना आळेफाट्याच्या अलीकडे आडरस्त्याने आलेल्या दुचाकीशी धडक झाली आणि दुचाकीस्वाराचा पाय मोडला. भाऊ खाली उतरला होता, पण जमलेल्या लोकांनी काच फोडून त्याला मारायला सुरुवात केल्यावर तो गाडी घेऊन निघून आला. वाटेतून त्याने मला फोन केला, मी १०८ वर कळवले आणि सकाळी सात वाजता आम्ही दोघे पोलीस ठाण्यात हजर झालो. फिर्यादीत मात्र ‘जखमीस औषधोपचारास न नेता व अपघाताची खबर न देता पळून गेला’ असे लिहिले आहे. गावात कोणी दहा वर्षांची शिक्षा सांगतो, तर कोणी म्हणतो की गाडी दुसराच चालवत होता असे सांगा. आमचा बचाव काय?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : दहा वर्षांची भीती आधी मनातून काढून टाका. ती शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये आहे आणि निष्काळजी वाहन चालवून एखाद्याचा मृत्यू घडवल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी ती योजलेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालवाहू गाड्यांच्या चालकांनी ज्याच्या विरोधात चाके थांबवली, ते हेच उपकलम. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना केंद्र सरकारने ते वगळले, आणि ते लागू करणारी अधिसूचना निघेपर्यंत त्याखाली कोणावरही खटला चालू शकत नाही. तुमच्या प्रकरणात तर सुदैवाने मृत्यू झालेलाच नाही. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत असल्याने भावावर याच संहितेचे कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणे) आणि १२५(ब) (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणे), तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३४ (अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये) व १८७ (ती न पाळल्याची शिक्षा) लावले गेले असणार. यांतील सर्वांत मोठी शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे आणि हे सर्व गुन्हे जामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन हा भावाचा हक्क आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे ‘पळून गेला’ हे शब्द फिर्यादीत इतक्या सवयीने लिहिले जातात की वाचणाऱ्याला तोच गुन्हा वाटू लागतो. कलम १३४ ची रचना मात्र वेगळी आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी चालकाने वाजवी प्रयत्न करावेत, असे ते सांगते. परंतु जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल तर तेवढ्यापुरती सूट ते स्वतःच देते. घटनास्थळी पोलीस नसतील, तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, अपघाताची हकीकत कळवावी आणि मदत का करता आली नाही तेही सांगावे, असा त्याचा दुसरा भाग आहे. थोडक्यात, जमावापासून जीव वाचवून निघणे कायद्याला समजते. त्यानंतर गप्प बसणे त्याला मान्य नाही.

या दुसऱ्या भागात तुमची बाजू थोडी दुबळी आहे, हे आताच सांगितलेले बरे. २४ तास ही शेवटची मर्यादा आहे, तेवढा वेळ थांबण्याची मुभा नव्हे. ‘वाटेत पोलीस ठाणे असताना रात्रीच का गेला नाहीत?’ हा प्रश्न उलटतपासणीत येणारच, आणि उशिरा आलेल्या चालकाने मद्य घेतले असावे असा संशय सरकारी पक्ष सूचित करणारच. त्याचे उत्तर शब्दांत देण्यापेक्षा कागदांत द्यावे. तुम्ही १०८ वर केलेल्या फोनची वेळ, भावाने तुम्हाला केलेल्या फोनची नोंद, फुटलेल्या काचेचा पंचनाम्यातील उल्लेख, भावाला लागलेल्या माराचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सकाळी हजर झाल्याची ठाण्याच्या डायरीतील नोंद, हा खरा बचाव आहे. डायरीची नोंद व फोनचे तपशील न्यायालयामार्फत मागवण्यासाठी वकिलांनी अर्ज करावा. रस्त्यावरच्या ढाब्याचे किंवा पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही चित्रण मात्र काही दिवसांतच पुसले जाते, तेव्हा ते जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच करा. १०८ वर फोन तुम्ही केला असल्याने तुम्ही स्वतःही साक्षीदार आहात, हे विसरू नका. जमावाच्या भीतीची बाब आरोपीला निःसंशय सिद्ध करावी लागत नाही. ती संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते. बहुतेक वेळा फिर्यादी पक्षाचाच साक्षीदार ‘तेव्हा बरेच लोक जमले होते’ असे सांगून जातो, आणि ते वाक्य चांगल्या वकिलाच्या हातून सुटत नाही.

घटनास्थळ सोडणे आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निघून जाणे हे वर्तन म्हणून न्यायालय विचारात घेते, परंतु केवळ तेवढ्यावरून धडकेचा दोष चालकाचा ठरत नाही. तो दोष सरकारी पक्षाला रस्त्याची रुंदी, टायरच्या खुणा, गाड्यांच्या नुकसानीची जागा आणि दुचाकी कोणत्या बाजूने आली यांवरून स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. फिर्यादीतला ‘भरधाव वेगाने’ हा शब्दही पुरेसा नाही; कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या मोठ्या वेगावरून निष्काळजीपणाचा निष्कर्ष काढता येत नाही, असे म्हटले आहे.

चालक बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला घरात घेऊ नका. गाडीचे मालक म्हणून चालकाची खरी माहिती पोलिसांना देणे तुम्हाला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३३ नुसार बंधनकारक आहे, आणि आरोपीला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरातील अपघातानंतर घरच्या चालकाने दोष अंगावर घ्यावा म्हणून दबाव आणल्याच्या आरोपावरून वेगळा गुन्हा नोंदवला गेला, हे तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. भावाने पोलिसांना स्थळ, वेळ, जमाव आणि निघून जाण्याचे कारण सांगावे. ‘माझीच चूक झाली’ असे म्हणण्याची सक्ती त्याच्यावर नाही, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध वापरताही येत नाही.

विमा कंपनीला अजून लेखी कळवले नसेल, तर पॉलिसी क्रमांक, अपघाताची वेळ व ठिकाण, जखमीची माहिती आणि चालकाचा परवाना देऊन लगेच कळवा. कलम १३४ मध्ये तेही कर्तव्य आहे.

प्रश्न : जुलैमधल्या एका रात्री मुसळधार पावसात मी घोडबंदर रस्त्याने घरी येत होते. एक हिसका बसला, तो मला खड्ड्याचा वाटला. पाच दिवसांनी पोलिसांची नोटीस आली की माझ्या गाडीने एका पादचाऱ्याला धक्का दिला आणि मी थांबले नाही. बंपरवर लहानसा ओरखडा आहे. मी काय सांगू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जे घडले तेच सांगा, पण वकिलांच्या सल्ल्याने आणि लेखी. त्या रात्री गाडी तुम्ही चालवत होता ही माहिती मालक म्हणून द्यावीच लागेल. पादचाऱ्याला धक्का लागल्याची जाणीव तुम्हाला होती, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या अपघाताची कल्पनाच नव्हती, त्याची खबर देणे आवाक्याबाहेरचे होते, असा युक्तिवाद कलम १३४ च्या शब्दांतूनच करता येतो. न्यायालय तो सहज मानत नाही. धडक मोठी असेल किंवा पुढची काच तडकली असेल, तर ‘मला कळलेच नाही’ हे कोणालाच पटणार नाही. म्हणून ओरखड्याची उंची, बंपरची अवस्था आणि त्या रात्रीचा पाऊस हे तुमच्या बाजूचे मुद्दे आहेत, आणि याच कारणासाठी परिवहन विभागाच्या निरीक्षकाकडून तपासणी होईपर्यंत गाडी दुरुस्तीला किंवा धुवायलाही देऊ नका. अनेक निर्दोष माणसे नेमक्या या उत्साहामुळे अडचणीत येतात, कारण नवा बंपर पुरावा नष्ट केल्यासारखा दिसतो. पोलिसांकडे सीसीटीव्ही चित्रण असल्यास ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह सादर झाले आहे का, आणि त्यात गाडीचा क्रमांक व प्रत्यक्ष धक्का हे दोन्ही दिसतात की फक्त त्या वेळी त्या रस्त्याने गेलेली गाडी दिसते, हे वकिलांना पहिल्याच तारखेला तपासायला सांगा.