बोर्डावर नेट झिरो, अन् डिझेलचा हिशोब आमच्याकडून

प्रश्न: मी कोरपना तालुक्यातला लहान ठेकेदार. एक मिक्सर, एक जेसीबी, दोन ट्रॅक्टर, बस. एका मोठ्या रस्ता कंपनीकडून नाल्या अन् मोऱ्यांचं काम घेतलंय. आता त्यांच्या ऑफिसातून एक्सेल शीट आली, डिझेल किती, सिमेंटचे पोते किती, लोहा किती, गिट्टी किती किलोमीटरवरून आली, सगळं दर महिन्याला भरा, नाही भरलं तर बिल अडवतो म्हणते. काय तर कार्बनचा रिपोर्ट! अन् साइटवर भलामोठा बोर्ड, नेट झिरो २०५०, म्हणजे २०५० पर्यंत जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेऊ म्हणते. इकडे त्यांच्या हायवा डंपरच्या धुळीनं माह्या वावरातला कापूस तांबडा झाला. मले सांगा भाऊ, एवढ्याशा मिक्सरनं जग तापते का? अन् अंदाजानं आकडे ठोकले तर कोण पाहते?

उत्तर: भाऊ, शेवटून सुरू करतो, कारण तिथं माझंच पाप आहे. मी पूर्वी एका साइटवर सुपरवायझर होतो, डिझेलचं रजिस्टर माझ्याकडे, महिनाअखेरीला एका बैठकीत एकाच पेनानं भरायचो, रोज ४० लिटर. पोळ्याच्या दिवशीही ४० लिटर! त्या दिवशी ऑपरेटर गावी बैल सजवत होता अन् मशीन ताडपत्रीखाली. तपासायला आलेल्या पोरानं नेमकं तेच पान उघडलं. तर पाहते, कोणीतरी पाहतेच. पंपाच्या पावत्या एका पिशवीत टाकत जा, तेवढं पुरे.

आता ही शीट आली कुठून. शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना सेबीनं, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केलाय, कंपनी पर्यावरणाशी अन् समाजाशी कशी वागते त्याचा. त्यात कंपनीनं स्वतः जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, अन् बाकी सगळं, म्हणजे विकत घेतलेलं सिमेंट, लोहा, तुमच्यासारख्यांचं काम, हे स्कोप ३. पहिले दोन द्यावेच लागतात, तिसरा ऐच्छिक आहे, पण कर्ज देणारे अन् पैसा लावणारे विचारतात म्हणून बऱ्याच कंपन्या गोळा करतात. तुमच्या जेसीबीचं डिझेल तुमचं स्कोप १ अन् त्यांचं स्कोप ३.

खरी गंमत इथंच आहे. बोर्डावरचं नेट झिरो जर फक्त स्कोप १ अन् २ चं असेल, तर कंपनीनं स्वतःची मशीन बंद ठेवून काम तुम्हाला दिलं की तिचा आकडा आपोआप खाली येतो. नाली तीच, डिझेल तेच, धूर तोच, फक्त खातं बदललं. म्हणून त्या साहेबाला साधं विचारा, तुमच्या वचनात स्कोप ३ धरलाय का? अन् शीट मागतेत म्हणजे निदान मोजायला तरी लागले, त्याचा राग धरू नका.

मिक्सरचं म्हणाल तर तुमचं बरोबरच आहे, पण अर्धंच. समजा महिन्यात ६०० लिटर डिझेल लागलं. लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे १.६ टन झाले. अन् त्याच महिन्यात ४०० पोते सिमेंट, म्हणजे २० टन. साधं ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं सिमेंट असेल तर टनामागे ८००-९०० किलो, म्हणजे १६ ते १८ टन. दहापट! मिक्सर फुकट बदनाम. कारण तुमच्या तालुक्यात तर डोळ्यासमोर आहे, गडचांदूरकडच्या सिमेंटच्या भट्ट्यांत चुनखडी १४५० अंशापर्यंत तापवतेत, अन् दगडातच हा गॅस बांधलेला असतो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो हवेत. कोळशाऐवजी दुसरं काही जाळलं तरी हा ४४ टळत नाही.

म्हणून जिथं ड्रॉइंगमधे चालते तिथं पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मागा. त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक केंद्राची राख असते, तेवढं दगड भाजणं वाचते. फक्त एक सांगतो, पीपीसी सावकाश ताकद धरते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात १४ दिवस पाणी पाहिजे, मातीचे आळे करून किंवा ओला बारदाना टाकून. तीन दिवस पाणी मारून पोरगा लग्नाला निघून गेला अन् मग स्लॅबला बारीक भेगांची जाळी पडली की सगळे पीपीसीला शिव्या देतेत.

कापसाचं वेगळं आहे. ती धूळ कार्बनच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, नेट झिरो झालं तरी ती उडतच राहील. त्यासाठी फोटो, तारीख, सर्व्हे नंबर घालून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर ऑफिसला लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलला, अन् पोच घ्याच.

प्रश्न: घरकुलाले राखेच्या विटा घेऊ का लाल? — एक ताई, भद्रावतीकडून

उत्तर: ताई, राखेच्या घ्या, भट्टी लागत नाही, कोळसा वाचतो. पण दोन विटा एकमेकीवर वाजवून पाहा, खणखणीत वाजल्या तर ठीक, कोपरा हातात आला तर ट्रॅक्टर परत पाठवा.